तीन झाकणं

बीबी गावाच्या शिवारात पाठीला फवारणीचा पंप लावण्याआधी निम्मे लोक रामरावांना विचारून घ्यायचे. कृषी केंद्रवाला काय सांगतो ते ऐकायचे, मान हलवायचे, बाटली घ्यायचे आणि तीच बाटली घेऊन रामरावांच्या ओट्यावर येऊन बसायचे. रामराव बाटली उन्हाकडे धरायचे, जरा हलवायचे आणि सांगायचे, "याचं एक झाकण, त्याचं एक झाकण, अन् वरून स्टिकर. मंग पाह्य." स्टिकर म्हणजे पानावर औषध धरून ठेवणारं चिकट पाणी, पाऊस पडला तरी औषध धुऊन जाऊ नये म्हणून ते पंपात टाकायचं. एकट्या औषधावर रामरावांचा भरवसा नव्हता. एकटं औषध अळीले भेते, असं ते म्हणायचे. लोक हसायचे आणि तसंच करायचे. वांगी वाचायची, आणि वांगी वाचली की रामरावांचा स्वतःबद्दलचा गैरसमज आणखी बोटभर वाढायचा.

भुऱ्या हा त्यांच्या सुनेचा, दीपमालाचा कुत्रा. दुसरबीडला तिचं माहेर. चार वर्षांपूर्वी तिकडून परतताना तिनं हे तळहाताएवढं पिल्लू पिशवीत घालून एसटीनं आणलं होतं आणि कंडक्टरनं विचारलं तेव्हा पिशवीत ज्वारीचं पीठ आहे म्हणून सांगितलं होतं. नवरा शेखर पुण्याला कंपनीत. वांगी आणि मिरचीचं दीड एकर सून आणि सासरा दोघंच बघायचे. रानडुकरांच्या भीतीनं बाकीच्या बायका चौघी जमल्याशिवाय नाल्याकडच्या शेतात जात नसत. दीपमाला एकटी जायची, कारण पुढे भुऱ्या असायचा. एकदा डुकरानं तिचा रस्ता अडवला होता, तेव्हा भुऱ्याच त्याच्या अंगावर गेला होता. मांडीवरची खूण अजून होती. त्या दिवसापासून ती त्याला आधी भाकरी घालायची आणि मग स्वतः जेवायची.

दरसाल पोळा झाला की भुऱ्याला खाज सुटायची. यंदा तर कहर झाला. पोटाचे, बगलेतले केस गेले, कातडी लालभडक झाली. दिवसभर पंजे चावायचा, कान खाजवता खाजवता मागचा पाय टिनाच्या दारावर आपटायचा. धड, धड, धड. जेवताना तेच, पेपर वाचताना तेच. रामरावांच्या डोक्यात तो आवाज घर करून बसला.

दीपमाला त्याला मेहकरला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, ही गाजरगवताची ॲलर्जी. बांधावर, नाल्याकडेला ते फुलतं, त्याचा फुलोरा अंगाला लागतो आणि अंग पेटतं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, शेतातून आला की रोज पाय अन् पोट साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं. तीन आठवडे धीर धरा.

"साध्या पाण्यानं?" रामराव म्हणाले. "यासाठी मेहकरले गेलती तू?"

"मामाजी, थोडा वेळ लागंल. डॉक्टरनं सांगतलं."

ती रोज संध्याकाळी बादली घेऊन बसायची. आठ दिवसांनी लाली जराशी उतरली होती. तिला दिसत होती, रामरावांना दिसत नव्हती. पंपाचं औषध मारलं की तिसऱ्या दिवशी अळी खाली पडते, हे ज्याच्या अंगात भिनलेलं, त्याला तीन आठवड्यांचा धीर म्हणजे डॉक्टरचा अडाणीपणा वाटणारच.

त्यात शेजारच्या अर्जुनरावांनी ओट्यावर चार माणसांत गंमत केली. "रामभाऊ, गावच्या वांग्याचे डॉक्टर तुमी, अन् घरचं कुत्रं पाह्य कसं सडून राह्यलं." सगळे हसले. रामरावही हसले. पण ते हसू त्यांच्या घशाखाली काही उतरलं नाही.

गुरुवारी दीपमाला वांग्याचे दोन कॅरेट घेऊन बाजारात गेली. ती वळणाआड होईपर्यंत रामराव ओट्यावरच बसून राहिले. लेकरासारखं लपूनछपून करायचं काही नव्हतं खरं तर. घर त्यांचं, कुत्रं घरचं. तरी ते थांबले. मग बैलाच्या कोठ्यात गेले. बैलाच्या गोचिडाचं औषध काढलं, एक झाकण. वांग्यावरच्या अळीचं काढलं, एक झाकण. आणि औषध चाटून, लोळून निघून जाऊ नये म्हणून स्टिकरचं एक झाकण. कडुनिंबाचा पाला उकळून ठेवला होताच. वास झाकायला तो त्यांनी वरून ओतला. पाणी मात्र पंपाएवढं नव्हतं. एक तांब्या होतं.

स्वतःच्या हाताला त्यांनी प्लास्टिकची पिशवी बांधली. हे औषध माणसाच्या कातडीला लागू नये, एवढं त्यांना कळत होतं. ज्याला एवढं कळतं त्यानं तिथंच थांबायला हवं होतं. पण आपल्याला सगळं कळतं म्हणणाऱ्या माणसाचं असंच असतं, निम्मं कळलं की त्याचे हात चालायला लागतात.

"उभा राह्य बे," ते म्हणाले, आणि भुऱ्या उभा राहिला. औषध जखमांना झोंबलं तेव्हा तो कण्हला, पण पळाला नाही. फडक्यानं पोट झालं, बगला झाल्या, पाठ झाली, कानामागे झालं. काम करताना रामराव त्याच्याशी गोड बोलत होते, आणि त्यांना खरंच त्याची दया येत होती.

पाऊण तासात खाज थांबली.

भुऱ्या दाराजवळ आडवा झाला, तोंड पंजांवर ठेवलं आणि नुसता पडून राहिला. टिनाचं दार पंधरा दिवसांत पहिल्यांदा गप्प होतं. रामरावांनी पेपर उघडला. अर्जुनराव रस्त्यानं चालले होते, त्यांना त्यांनी मुद्दाम हाक मारून बोलावलं.

"पाह्य आता."

अर्जुनरावांनी पाहिलं. "आयला, एकदम निवांत. काय लावलं?"

रामरावांनी सांगितलं. तीन झाकणं, कशाची कशाची, तेही सांगितलं. सांगताना त्यांची छाती फुगली होती. अर्जुनराव बोटांवर मोजत लक्षात ठेवत गेले.

दीपमाला चारच्या सुमारास परतली. एरवी तिची चप्पल वळणावर वाजली की भुऱ्या रस्त्यापर्यंत धावायचा. आज त्यानं फक्त डोळे वळवले. तिनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याशेजारी बसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. खालची माती ओली झाली होती. मांडीचं कातडं आपोआप उडत होतं, जसं माशी बसल्यावर बैलाचं उडतं, पण माशी कुठे नव्हती.

"मामाजी, याले काय झालं?"

"काय व्हते त्याले. खाज थांबली, झोपून राह्यला."

"झोपला नाही हो तो."

भुऱ्यानं उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय त्याचे राहिलेच नव्हते. तो बसल्या जागी मुतला आणि तिच्याकडे पाहून लाजल्यासारखा मान फिरवून पडला. हे रामरावांनी आधी पाहिलं होतं. फवारताना औषध अंगात भिनलेला एक मजूर त्यांनी पाहिला होता, अशीच लाळ, असेच थरथरणारे स्नायू. तो वाचला होता, कारण त्याच्याबरोबरच्या माणसानं दवाखान्यात बाटलीच नेली होती.

दीपमालानं मेहकरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरचा आवाज घाईत होता. लाळ येते का, कातडं उडते का, डोळ्याची बाहुली बारीक झाली का, एकामागे एक विचारत गेले. मग म्हणाले, "अंगाला काही लावलं का? शेतातलं, गोचिडाचं, काहीही? लावलं असेल तर आधी आत्ताच्या आत्ता साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, हातात पिशवी घाला, अन् मग निघा. औषधाचं नाव सांगा, मी इंजेक्शन भरून ठेवतो."

दीपमालानं सासऱ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. नुसतं विचारायला पाहिलं.

सांगायला एवढा सोपा क्षण त्यांना पुन्हा मिळणार नव्हता. बाटल्या कोठ्यात होत्या, साबण मोरीत होता, हौद भरलेला होता. पण तिनं तसं विश्वासानं पाहिलं आणि रामरावांनी कोठ्याकडे गेलेली नजर वळवून घेतली. आठ दिवस साध्या पाण्यावरून तिची थट्टा केली होती.

"कडुनिंबाचा पाला लावला फक्त," ते म्हणाले. मग लगेच पुढे म्हणाले, "दुपारी बांधावर गेलता. पान लागलं असंल."

पान लागलं म्हणजे साप चावला. भादव्यात यावर कोण अविश्वास दाखवणार. डॉक्टर म्हणाले, मग वेळ घालवू नका, तसाच आणा. दीपमालानं धुवायचं काही काढलंच नाही. ऑटो आला, तिनं भुऱ्याला उचलून मांडीवर घेतलं.

रामराव शेजारी बसले. बीबी मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या फुलांचं गाजरगवत ऑटोबरोबर पळत होतं. भुऱ्याचा श्वास घरघरत होता, आणि ते औषध अजून त्याच्या केसांत होतं, घट्ट धरून बसलेलं. चिकटवलं होतं ना त्यांनीच. आता सांगू, पुढच्या मोरीच्या पुलावर सांगू, असं म्हणत त्यांनी तीन पूल जाऊ दिले. एकदा पाण्याची बाटली उघडून त्यांनी ती त्याच्या पाठीवर रिकामी केली.

"काऊन ओतता?" दीपमाला म्हणाली.

"गरमी व्हत असंल त्याले."

तिनं पदरानं ते पाणी टिपून घेतलं. मग तोच हात डोळ्यांना लावला. रामराव ते बघत राहिले. तरी ते बोलले नाहीत. माणूस एवढा कसा गप्प बसू शकतो, हे त्यांना स्वतःलाही पुढे कधी कळलं नाही.

सुलतानपूर मागे टाकलं आणि भुऱ्यानं मान टाकली. ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेतली. दीपमाला रडली नाही. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वापस घ्या भाऊ." घरी आल्यावर तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांना धारा लागल्या. रामरावांनी तिला अंघोळ कर, लुगडं धुऊन टाक, म्हणून तीनतीनदा सांगितलं. तिला वाटलं, सासरे सुतक पाळायला सांगतात. तिनं अंघोळ केली आणि सकाळपर्यंत तिचं डोकं दुखायचं थांबलं. त्या रात्री रामरावांनी देवाला हात जोडले आणि सगळं मिटलं असं स्वतःला सांगितलं. कुत्रं बांधावर पुरलं होतं. साप चावला हे गावानं मानलं होतं. आता कोणाला सांगून काय मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास अर्जुनराव आले. ओट्यावर टेकले, चुकचुकले.

"वाईट झालं रामभाऊ. लाख मोलाचं कुत्रं. या सापाचं काही खरं नाही."

"हाव," रामराव म्हणाले.

"अन् तेही खाज थांबली त्याच दिवशी. तुमच्या औषधाचा गुण पाहाले राह्यला नाही बिचारा." अर्जुनरावांनी तंबाखू मळली. "मी लावलं आज सकाळी आमच्या कुत्र्याले. तसंच, तीन झाकणं."

आत दीपमालाची भांडी वाजत होती. ती वाजायची थांबली.

"मंग?" रामराव म्हणाले.

"एक नंबर. अजिबात खाजवून नाही राह्यला. निवांत पडून हाय. आमची अपेक्षा त्याच्या अंगावर रेलून मोबाइल पाहून राह्यली सकाळपासून." अपेक्षा म्हणजे त्यांची सहा वर्षांची नात.

रामराव उठले.

"अर्जुनराव, घरी पळा. पोरीले आधी त्याच्यावरून उचला. कपडे काढा, साबण लावून धुवा तिले, डोक्यापासून. मंग कुत्र्याले धुवा, उघड्या हातानं नका."

"काऊन? काय झालं?"

"भुऱ्याले पान नाही लागलं," रामराव म्हणाले. "त्याले मी मारलं. त्या औषधानं मेला तो. डॉक्टरनं इचारलं, तवा मी खोटं बोललो."

अर्जुनरावांच्या हातातून तंबाखू सांडली आणि ते चप्पल न घालता रस्त्यानं पळत सुटले.

दीपमाला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मोरीकडे वळली, साबणाची वडी आणि रिकामी बादली उचलली आणि त्यांच्या शेजारून ओटा उतरली. रामराव तिच्यामागे दोन पायऱ्या उतरले.

"तुमी नका येऊ," ती मागे न पाहता म्हणाली. "डॉक्टरले फोन लावा. काय काय टाकलं ते सांगा. सगळं."

ती अर्जुनरावांच्या घराकडे धावत गेली. रामरावांनी फोन लावला आणि पलीकडून कोणी काही विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.