न मोडलेली ठेव

"खिडकी बंद आहे," टपालबाई म्हणाल्या आणि भर अकरा वाजता त्यांनी काच खाली ओढली.

काचेपलीकडे शिवणकाम करणाऱ्या आजी ठेव मोडायचा अर्ज घेऊन उभ्या होत्या. कपाळावर घाम, आणि पिशवीत चालू असलेला फोन. "लवकर करा, कुणाशी बोलू नका," असं कुणीतरी त्यातून दरडावत होतं. हा सूर बाईंनी आधी ऐकला होता. मागच्या वर्षी एका निवृत्त मास्तरांच्या खिशात असाच फोन बोलत होता, आणि बाईंनी त्यांची जन्माची पुंजी नियमाप्रमाणे त्यांच्या हातात ठेवली होती. ती भामट्यांनी लुबाडली. आता बाई दिसल्या, की मास्तर रस्ता बदलतात.

त्यानंतर गल्लीने बसून दोन गोष्टी ठरवल्या. म्हातारं माणूस घाईघाईने ठेव मोडायला आलं, तर बाईंनी आधी त्याला बसवायचं, कागदावर विचारायचं. आणि समोरच्या औषधवाल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पोरांना नशेच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, मग गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर.

"बाई, पैसे त्यांचे, सही त्यांची," आतल्या टेबलावरून पोस्टाचे साहेब कुरकुरले. "तुम्ही कोण अडवणार? वर तक्रार गेली तर?"

"जाऊ दे की! नियम पाळून एका माणसाला देशोधडीला लावलंय मी. आता खुशाल मेमो द्या."

बाई बाहेर आल्या, आजींना बाकावर बसवलं आणि अर्ज उलटा करून लिहिलं : फोनवर कोण?

आजींनी खाली लिहिलं : पोलीस. नातू गोळ्यांसकट पकडला. पैसे दिले तर सोडतील.

नातू गोळ्यांच्या नादी लागला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी तो त्यातून सुटला आणि टायरच्या दुकानात कामाला लागला. बाईंनी दारातून औषधवाल्याला खुणेने बोलावलं आणि कागद दाखवला. तो तडक टायरच्या दुकानाकडे धावला आणि दहा मिनिटांत नातवालाच घेऊन आला.

आजी बघतच राहिल्या. मग त्यांनी फोन बाहेर काढला.

"मेल्या, माझा नातू इथे माझ्यासमोर उभा आहे! ये तू, तुलाच बेड्या घालते!"

अख्खी रांग हसली. नातू मात्र हसला नाही.

"आजी, तुला खरं वाटलं?"

बाईंना वाटलं, आजी नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"वाटलं," आजी म्हणाल्या. "खरं वाटलं, म्हणूनच धावत आले ना? उद्या खरंच पकडलं तुला, तरी येईन. कानाखाली वाजवीन, पण येईन."

"नाही यावं लागणार," तो भिंतीकडे बघत पुटपुटला.

आजी त्याचा हात धरून उठल्या. त्याच्या हाताचं ग्रीस त्यांच्या स्वच्छ बाहीला लागलं. तो घाईने हात सोडवायला गेला. त्यांनी सोडला नाही.