फुंकर मारलेली साखर

इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीपुढे सकाळपासून रांग लागायची. आत इस्त्रीच्या टेबलामागे बसायचे फुंकरबाबा. कालपरवापर्यंत ते याच दुकानात कॉलरी ताठ करत होते, आता लोकांच्या तब्येती ताठ करू लागले होते. पांढऱ्या पुडीवर तीनदा फुंकर मारून म्हणायचे, "ही नुसती पिठीसाखर. ताकद फुंकरीत! कडू लागली तर समजा, रोग निघाला."

गुण यायचा, हे खोटं नाही. कुणाचं गळू बसलं, कुणाचा ठणकणारा कान थांबला. सर्दीवाले तर आठवड्यात पुडीशिवायही बरे झाले असते, पण माझं ऐकतो कोण!

माझी आत्या बाबांची पट्टशिष्या. घसा धरला तशी पुडी घेऊन आली. "मला पेनिसिलिन सोसत नाही, ठाऊक आहे ना? साखरेची कसली भीती?"

अर्ध्या तासात तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिला तशीच उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

इंजेक्शननं ती सावरली. "पेनिसिलिन घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"छे हो! बाबांची साखर."

"साखरेनं असं होत नाही. तुमच्या अंगानं औषध बरोब्बर ओळखलंय."

दोन दिवसांनी बाई घरचा साखरेचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मागे मी आणि आत्या.

"ताकद फुंकरीत ना? मग या साखरेवर मारा."

"बाहेरच्या साखरेला ती लागू पडत नाही," बाबा चाचरले.

"का? इस्त्री तर बाहेरच्याच कपड्यांना करत होतात!"

रांगेत खसखस पिकली. तेवढ्यात आत्यानं इस्त्रीच्या टेबलाची चादर वर केली. खाली खलबत्ता, अर्धवट कुटलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पाकिटांचा ढीग.

बाईंनी पाकीट वाचलं. "अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड. पहिलं जंतू मारतं. काही जंतू त्यालाच तोडून टाकतात, तर दुसरं त्यांना अडवतं. औषध चांगलंय, पण पेनिसिलिनच्याच कुळातलं. सर्दीवर निरुपयोगी, आणि पोट बिघडवतं ते वेगळंच."

"पण लोक बरे झाले ना!" बाबा उसळले.

"औषधानं झाले," आत्या म्हणाली. "तुम्ही फक्त त्याचं नाव लपवलंत. नाव कळलं असतं, तर मी ती पुडी तोंडात घातली नसती."

 रांगेतल्या एकेकानं खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

तेव्हा मंडळी, पुडी कुणीही देवो, आधी विचारा: यात आहे काय? आपल्याला काय सोसत नाही तेही सांगा. आणि जो नाव सांगायला कचरतो, त्याच्याकडे फार तर शर्ट द्या.