हसायचं होतं तिथं

राजूरच्या पुढं माळावर सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा महेमूदचाचांच्या घोड्यांना वराती सोडून पहिल्यांदाच दुसरं काम मिळालं. चाचा भोकरदनचे. लग्नाला घोडी देण्याचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. घोड्यांबरोबर सुमितही गेला. काही वर्षांपूर्वी तो वाटूरहून काम मागत आला होता. घोड्यांना त्याचा हात मानवला आणि तो चाचा आणि त्यांची बायको कमरबी यांच्या घरचाच होऊन गेला. बारीक कापलेले केस, सैल सदरा, बोलणं मोजकं. वाटूरला त्याचं नाव शालू ठेवलं होतं, हे भोकरदनात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सिनेमा निजामाच्या काळातला. रंगराव नावाचा घोडेस्वार लढायांत नाव काढतो, आणि तो जन्मानं बाई आहे हे एक दिवस उघडं पडतं. रंगरावचं काम जान्हवी नावाची नटी करत होती. सुमितला स्वारांच्या घोळक्यात पांढऱ्या घोड्यावर बसवलं होतं. सुरुवातीला त्याला मजा वाटली. घोड्यावर मांड कशी आवळायची, हे त्यानंच जान्हवीला दाखवलं. पण सगळी छावणी झोपेत असताना रंगराव एकटाच आंघोळ उरकून घेतो, असा प्रसंग झाला आणि त्या दिवसापासून सुमितला घास गोड लागेना.

मग तो दिवस आला. सरदार रंगरावचं पागोटं उडवतो, सदरा फाडतो, रंगराव मातीत पडतो, आणि त्याच्या ताटात जेवलेले स्वार खदाखदा हसतात.

"मोठ्यानं हसा!" सिनेमाच्या दिग्दर्शिका अरुंधतीबाई भोंग्यातून ओरडल्या. "इतकी वर्षं फसवलंय त्यानं तुम्हाला!"

सगळे हसले. सुमित दगडासारखा बसून राहिला.

"पांढऱ्या घोड्यावरचा हसत नाहीये. पुन्हा!"

पुन्हा पागोटं उडालं. शेजारचा स्वार पोट धरून हसत होता. सुमितनं तोंड उघडलं आणि मिटलं. जान्हवी दोन्ही हातांनी छाती झाकून मातीत बसली होती. ती नटी आहे, हे कळत असूनही त्याला राहवेना. तो खाली उतरला, पागोटं उचललं, धूळ झटकली आणि तिच्या डोक्यावर ठेवलं.

"कट! अरे, काय करतोयस?"

"मला हसू येत न्हाई, बाई."

"मग बाजूला हो. ऊन उतरायला लागलंय."

लिंबाखाली चाचा दुसऱ्या घोडीला पाणी पाजत होते. "तब्येत बिघडली का, बेटा?"

ऊन लागलं म्हणाला असता, तर गोष्ट तिथंच मिटली असती. तसं तो आजवर कितीदा तरी म्हणाला होता.

"चाचा, तो रंगराव हाय ना... मी बी तसाच. आईच्या पोटी पोरगी म्हणून जन्मलो. पण पोरगी मी कधी नव्हतोच. घरच्यांनी लगीन ठरवलं, तवा निघून आल्तो."

चाचांचा हात घोडीच्या मानेवर होता, तो तिथंच थांबला.

"मला बी न्हाई सांगितलं?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

माळावरून पुन्हा हसण्याचा लोंढा आला. या खेपेला बाईंना तो पसंत पडला असावा, कारण टाळ्याही वाजल्या.

"ह्याचं," सुमित म्हणाला.

संध्याकाळी घोडे टेम्पोत चढवून दोघं घरी परतले. तबेल्याशेजारच्या खोलीत सुमितनं कपडे पिशवीत भरले. कुठं जायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

सकाळी चाचा दारात उभे. डोळे तांबारलेले. पिशवीकडं पाहून ते उंबऱ्यावरच बसले.

"हे बघ सुमित, मी रातभर इचार करून राह्यलो. मला बिलकुल समजलं न्हाई. पण तुला काढायचं, असं एकदा बी मनात आलं न्हाई." ते थांबले. "कमरबीला झोप न्हाई. काय झालं म्हणून इचारून राह्यली. मी कायबी सांगितलं न्हाई. तुझी गोष्ट हाय, तू म्हणशील तसं."

पलीकडं घरात कमरबी चुलीपुढं बसली होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सुमितनं पिशवी खाली ठेवली.

"मीच सांगतो," म्हणाला, आणि चाचांच्या मागोमाग घरात गेला.