निवाऱ्याचा ताबा

कांद्याच्या रानात मी खुरपत होते, तेवढ्यात गावच्या कचेरीकडून भांडणाचा आवाज आला. आवाज भोंग्याचा होता, म्हणून आधी मी मान वर केली नाही. भोंगा बायकोकडे पाणी मागतो तेव्हाही पलीकडच्या काठावरची कुत्री उठून उभी राहतात. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. पण त्यात कारभाऱ्यांचाही आवाज मिसळला, तेव्हा मी खुरपं टाकून उठलेच. गावचे कारभारी ओरडत नाहीत. ते नुसते खाकरतात, आणि समोरच्याला कळतं.

विषय होता टेकाडावरच्या निवाऱ्याचा.

आमचं गाव नदीच्या वळणात. तीन बाजूंना पाणी, एका बाजूला शहराकडे जाणारा ठेंगणा पूल. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात अकरा माणसं गेली, त्यात माझे थोरले दीर होते. त्यानंतर सरकारनं टेकाडावर पूरनिवारा बांधला. एक लांबलचक खोली, खाली दगडी जोतं, वर सिमेंटचं छत, पुढं जाड लोखंडी दार. भिंतीवर उद्घाटनाचे दोन दगड, कारण मध्येच सरकार बदललं आणि दुसऱ्यांनीही येऊन फीत कापली. दोनदा उद्घाटन झालेल्या त्या खोलीत दोन वर्षांत एकाही माणसानं पाय ठेवला नव्हता. दाराला हातभर कुलूप, कुलपाला लाखेचं सील, आणि किल्ली शहरात बांधकाम खात्याच्या साहेबांकडे.

मी पोचले तेव्हा ते साहेबच खुर्चीत बसले होते.

"छत गळतंय हे मी नाकारत नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्ही आधी ताब्याच्या कागदावर सही करा. ताबा घेतला की दुरुस्तीचा अर्ज करता येतो."

"आणि सही केल्यावर तुम्ही म्हणणार, छत तुमचं, गळतीही तुमची," कारभारी म्हणाले. "आधी गळती काढा, मग सही."

"ताबा दिल्याशिवाय दुरुस्ती कशात दाखवू?"

"दुरुस्ती केल्याशिवाय ताबा कशाचा घेऊ?"

भोंगा उठला. तो दुसऱ्या पक्षाचा, आणि कारभाऱ्यांचा सख्खा चुलतभाऊ. "सही करायचीच नाही! लोकांना पुरातून वाचवणं सरकारचं काम आहे. गावानं जबाबदारी का घ्यायची?"

"अरे, मीही तेच म्हणतोय," कारभारी म्हणाले.

"तुम्ही तुमच्या सरकारला सांभाळून म्हणताय! मी सरळ म्हणतोय!"

मग दोघं एकच गोष्ट एकमेकांच्या विरुद्ध अर्धा तास बोलत राहिले. कुणाच्या राजवटीत वाळू जास्त घातली, कुणाच्या मंत्र्यानं नुसताच नारळ फोडला, सगळं निघालं. बायका मागे उभ्या राहून एकमेकींना कोपरं मारत होत्या.

माझ्या शेजारी लोहारदादा उभा होता. आमची भिंतीला भिंत. दादा मोजकं बोलणारा, पन्नाशीचा माणूस; लग्न केलं नाही, घरात तो आणि त्याची आई. तो जरा पुढे झाला.

"साहेब, एवढंच सांगा. उद्या पूर आला तर किल्ली कुठं असेल?"

"इशारा आला की चोवीस तास आधी आमचा माणूस किल्ली घेऊन निघेल."

"आणि पाणी इशाऱ्याच्या आधी आलं तर?"

साहेबांनी हसून कागद गोळा केले. "असं होत नाही हो आता. सगळी यंत्रं बसवलीत."

तीन माणसांची समिती नेमली आणि सभा उठली. मी परत रानात गेले.

तीन आठवड्यांनी पाणी आलं.

आमच्याकडे पाऊस फारसा नव्हता. वरच्या अंगाला, डोंगरात, तीन दिवस ओतत होता. सकाळी मी अंगण झाडायला गेले तर मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. तांबडं, दाट, त्यात गवताच्या काड्या. मी झाडू टाकला आणि भिंतीवरून हाक मारली, "दादा, आलं!"

त्यानं विचारलंही नाही काय आलं म्हणून.

लोहारदादाच्या आईला आम्ही काकी म्हणायचो. तिचं उजवं अंग दोन वर्षांपासून गेलेलं, पण जीभ शाबूत. दादानं तिला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, माझा चष्मा राहिला." दादा म्हणाला, "आई, बघायचंय काय आता?" तरी माघारी फिरून त्यानं चष्मा घेतला. हत्यारं मात्र भट्टीपाशीच राहिली. पाठीवर आई असलेला माणूस घण कुठं धरणार?

नऊच्या सुमारास सगळं गाव टेकाडावर होतं. दोनशे माणसं, गुरं, कोंबड्या, गाठोडी. आणि आता पाऊसही आमच्यावर आला. असा की शेजारच्याचं तोंड दिसेना. टेकाडाची काळी माती पायाखाली लोण्यासारखी सरकत होती. आमचे हे म्हशींना धरून उतारावर उभे होते, आणि म्हशीच त्यांना धरून आहेत असं वाटत होतं.

दाराला कुलूप तसंच. लाखेवरचा शिक्काही स्वच्छ वाचता येत होता.

कारभारी फोनवर होते. "निघालाय! साहेबांचा माणूस निघालाय किल्ली घेऊन!" त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"कुलूप तोडा," कुणीतरी म्हणालं.

"सील आहे त्याला. सरकारी मालमत्ता आहे. तासाभराचा प्रश्न आहे, उगाच गाव पोलिसात कशाला न्यायचं?"

भोंगा चिखलातून पुढे आला. "बघा, बघा यांचं सरकार! माणसं मरतायत आणि हे सील बघतायत!"

"मग तू तोड की! तोड, मी अडवलंय?"

भोंगा थांबला. "मी का तोडू? कारभारी तुम्ही आहात. उद्या माझ्या नावावर टाकायला मोकळे!"

"म्हणजे मी तोडायचं आणि तुझ्या पक्षानं माझ्यावर गुन्हा घालायचा?"

पावसात उभं राहून, पाणी टेकाडाच्या पहिल्या पायरीला लागलेलं असताना, त्या दोघांनी परत तोच वाद काढला. आणि आम्ही दोनशे माणसं ऐकत राहिलो. आज हे सांगताना माझी मला लाज वाटते. पण तेव्हा प्रत्येकाला वाटत होतं की किल्ली येतेय.

दादानं काकीला दाराच्या उंबऱ्यावर, भिंतीला टेकवून बसवलं होतं. वर वीतभर छज्जा होता, त्यातूनही पाणी गळत होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

"हे दार तूच केलंयस ना रे?" तिनं मुलाला विचारलं.

खरंच होतं. कंत्राटदारानं दाराचं काम दादाकडूनच करून घेतलं होतं.

"हो, आई."

"मग एवढं चांगलं कशाला केलंस?"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. दादा हसला नाही. त्यानं कुलूप हातात घेऊन पाहिलं, कडी पाहिली, बिजागऱ्यांवरून बोटं फिरवली. दगडानं दहा-बारा ठोके घातले; दगडच फुटला. मग कारभाऱ्यांचा फोन वाजला. पूल पाण्याखाली गेला होता. किल्ली पलीकडच्या काठावर गाडीत बसून होती.

दादा माझ्याकडे वळला. "वहिनी, आईला बघा. मी घण घेऊन येतो."

"पाणी छातीएवढं झालंय, दादा!"

"भट्टीची जागा मला डोळे मिटूनही सापडेल."

तो गेला. उतार उतरताना दिसला, मग खांद्यापर्यंत दिसला, मग पावसानं पडदा ओढला. मी काकीचे हात चोळत होते. माझ्या अंगावरची ओली शालही तिच्यावर घातली, पण ओल्यावर ओलं घालून ऊब कुठून येणार? ती थोडा वेळ बोलत होती. गाय बांधली का, विचारलं. त्यांची गाय मरून चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, बांधली.

मग ती गप्प झाली. थरथरही थांबली. मला वाटलं, बरं झालं, थंडी कमी वाटतेय तिला.

किती वेळ गेला कोण जाणे. दादा वर आला तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त येत होतं आणि घण दोरीनं कमरेला बांधलेला होता. आईकडे त्यानं पाहिलं नाही. सरळ दाराशी गेला. "सरका," म्हणाला. कारभारी काहीतरी बोलायला पुढे झाले आणि त्याचं तोंड बघून मागे सरले.

पहिला घाव बसला तेव्हा मी काकीच्या नाकापुढे बोट धरलं होतं. वारा लागत नव्हता. मी दुसऱ्या हाताचं बोट धरलं. गळ्याला हात लावला. वर तिचा मुलगा घाव घालत होता, लोखंडाच्या प्रत्येक दणक्यानं उंबरा हादरत होता आणि त्याबरोबर तिचं डोकं माझ्या मांडीवर हलत होतं. मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याचा हात थांबला असता, आणि पाणी सातव्या पायरीला होतं. मी तिच्या चष्म्याच्या काचा पदरानं पुसत बसले. पंधरा घाव मोजले, नंतर मोजायचं सोडून दिलं.

दार उघडलं. माणसं आत घुसली. दादानं आईला उचलून आत नेलं, कोरड्या कोपऱ्यात ठेवलं. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी म्हटलं, "आताच गेल्या. आत आल्यावर गेल्या. कोरड्यात."

त्यानं मान हलवली.

दोन दिवस आम्ही त्या गळक्या खोलीत काढले. बाकीचं सगळं गाव वाचलं. पाणी उतरल्यावर दोन्ही पक्षांचे पुढारी येऊन गेले. एकानं सांगितलं, आमच्या निवाऱ्यानं दोनशे जीव वाचवले. दुसऱ्यानं सांगितलं, मंजुरी आमच्याच काळातली. दोघांचे फोटो त्याच मोडक्या दारापुढं निघाले.

महिन्याभरानं चौकशी लागली. कचेरीत तीच खुर्ची, तेच साहेब, बरोबर एक वरचे अधिकारी आणि कारकून. साहेबांनी कागद वाचला: "ग्रामस्थांनी कुलूप तोडून इमारतीचा प्रत्यक्ष ताबा घेतला. सबब त्या क्षणापासून इमारतीची आणि तिथं घडणाऱ्या घटनांची जबाबदारी गावाची राहील."

कारभाऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. दोन वर्षं जी सही त्यांनी टाळली, ती घणानं झाली होती.

वरचे अधिकारी म्हणाले, "एक मृत्यू झालाय. तो ताब्यापूर्वी की ताब्यानंतर, एवढं ठरवायचंय. आधी झाला असेल तर खात्याला उत्तर द्यावं लागेल. नंतर असेल तर गावाला."

"आधी!" कारभारी म्हणाले.

"आधीच!" भोंगा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

"म्हाताऱ्या बाईंजवळ कोण होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत ना, त्या आत गेल्यावर वारल्या म्हणून? गावभर तसंच बोलतात."

खरं सांगावं तर दादाला कळणार, की तो दार फोडत होता तेव्हा आई बंद दाराशीच संपली होती. न सांगावं तर दोन वर्षं किल्ली खिशात घालून बसलेली माणसं हात झटकून जाणार. मी दादाकडे बघितलं. तो भिंतीशी उभा होता, कपाळावर खोक भरत आलेली.

"आधी गेल्या," मी म्हटलं. "पहिल्या घावाच्या आधीच. मी खोटं बोलले. दादा, मला माफ करा."

दादा म्हणाला, "वहिनी, मला माहीत होतं. मी उचललं तेव्हाच कळलं. जिवंत माणसाचं वजन मी रोज उचलत होतो."

कारकुनाचं पेन चालत होतं तेवढंच.

वरच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. मग डॉक्टरचा दाखला काढला. "इथं कारण थंडीनं हृदय बंद पडल्याचं दिलंय. बुडून नाही. म्हणजे हा पूरबळी धरता येत नाही, आणि म्हणून तो या चौकशीच्या कक्षेतच येत नाही." त्यांनी फाईल मिटली. "ताब्याचा मुद्दा मात्र कायम."

भोंग्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

गाड्या गेल्या. दादा घरी गेला, पान्हे आणि घण घेऊन टेकाडाकडे चालू लागला. आम्हीही मागोमाग गेलो, कारभारीसुद्धा. खात्यानं दाराची कडी नवी बसवून वर नवं कुलूप लावलं होतं. दादानं कुलपाला हात लावला नाही. तो बिजागऱ्यांशी बसला आणि एकेक बोल्ट काढायला लागला.

"अरे, काय करतोयस?" कारभारी म्हणाले. "सरकारी माल आहे तो."

"ताबा आपला आहे ना?" दादानं वर न बघता विचारलं. "आताच वाचून दाखवलं त्यांनी."

कारभारी खाकरले. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि दाराची खालची बाजू धरली. भोंग्यानं दुसरी. दार वजनदार होतं, चौघांना उचलेना. आम्ही बायकाही लागलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही झडपा निघाल्या. आत वाऱ्यानं पाचोळा आला, एक शेळी आली, कुणी तिला हाकललं नाही.