दाट पाणी

आहारतज्ज्ञ बाईंच्या घरी आठ महिने पाणी चमच्याने भरवलं जात होतं. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून गिळताना ठसका लागे. पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्यात पावडर कालवून ते दाट करायचं, असा बाईंच्याच रुग्णालयाचा नियम होता. वडिलांना तो लगदा डोळ्यांसमोर नको असे. रोज ते पातळ चहा मागत आणि रोज लेक नाही म्हणे.

नियम ठेवायचा की मोडीत काढायचा, हे ठरवण्यासाठी आजवरचे सगळे अभ्यास गोळा करून एकत्र निष्कर्ष काढायचं काम नेमकं बाईंच्याच गळ्यात पडलं. जोडीला आकडेवारीवाले गृहस्थ होते. त्यांना सगळे 'चाळणी' म्हणत, कारण नऊशे शोधनिबंधांतले त्यांनी नऊच उरवले होते. घरी असा रुग्ण आहे, हे बाईंनी पहिल्याच दिवशी हितसंबंध जाहीर करायच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. मनातली इच्छा लिहायला मात्र त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

नऊ अभ्यासांचं मिळून उत्तर आलं: दाट पाण्याने न्यूमोनिया टळत नाही, उलट माणूस पाणीच कमी पितो. बाईंना मनापासून आनंद झाला. संध्याकाळी चहा टाकायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

शेवटची नजर फिरवताना त्या थबकल्या. दोन निबंध, लेखक वेगळे, वर्षं वेगळी. पण दोन्हींत रुग्ण चौऱ्याऐंशी, सरासरी वय तेच आणि मध्येच सोडून गेलेलेही सातच. म्हणजे तीच माणसं दोनदा मोजली गेली होती. एक निबंध वगळला की उत्तर डळमळत होतं. जेवणाची सुट्टी त्यांनी डबा न उघडता काढली. मग कागद चाळणीपुढे ठेवले.

"तुम्ही बोलला नसता तर माझ्या लक्षात आलं नसतं," ते म्हणाले.

"म्हणूनच बोलले."

अहवालात शेवटी लिहिलं गेलं की पुरावा अपुरा आहे, धोका आणि त्रास दोन्ही सांगून रुग्णालाच विचारावं. बाईंना ते वाक्य पळपुटं वाटलं.

घरी त्यांनी वडिलांना सगळं सरळ सांगितलं: पातळ प्यायल्याने न्यूमोनिया होईलही, न होईलही, कुणालाच नक्की माहीत नाही.

"मग तुम्हाला काय हवंय, बाबा?"

वडिलांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "आठ महिन्यांत... पहिल्यांदा विचारलंस."

बाईंना वर बघवेना. त्यांनी चहा टाकला, वडिलांना ताठ बसवलं आणि कप त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या घोटाला ठसका लागला. बाईंचा हात आपसूक कपाकडे गेला.

वडिलांनी कप छातीशी धरला, तोंड पुसलं आणि चौथा घोट घेतला.