दांडीवरचा लाल ठिपका

मी एका जुन्या मोटारीचा थ्रॉटल आहे. मित्रांनो, नाव परकं असलं तरी माझं काम साधं: इंजिनाला हवा किती द्यायची, ते माझ्या पोटातली गोल झडप ठरवते. सांगलीच्या पायगोंडा पाटलांच्या गाडीत मी वीस वर्षं इमानाने राबलो. गाडी चढ दमदार चढली, की पाटील बॉनेट थोपटायचे. ती थाप मी माझीच समजायचो.

पुढे माझी झडप जिच्यावर फिरते ती दांडी झिजली. बाजूच्या फटीतून चोरटी हवा आत शिरू लागली आणि वेग जरा कमी केला की गाडी बंद पडू लागली. पाटलांचं घर जैन. दिवस मावळल्यावर तिथे कुणी जेवत नाही. मिरजेच्या दुकानातून परतताना गाडी रोज अडायची, सूर्य बुडायचा आणि पाटील उपाशी झोपायचे. त्यांच्या पत्नीला, गुणमालाबाईंना, भलतीच शंका आली.

"आवं, रोज बरी गाडी बंद पडतीय? मिरजेत भेळ हाणून येताय न्हवं?"

असं म्हणून त्यांनी चक्क नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अखेर गाडी लालासाहेबांकडे गेली. हे मूळचे साताऱ्याचे, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री. पण मिस्त्री लोक चांगले भाग काढून घेतात, असं पाटलांच्या कानात कुणीतरी भरवलं होतं. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी माझ्या दांडीच्या टोकाला गुपचूप नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

खरं सांगतो, लालासाहेबांवर माझाही विश्वास नव्हता. त्यांनी मला खोलून फडक्यात गुंडाळलं आणि स्कूटरवर टाकलं, तेव्हा आपण भंगारात निघालो अशी माझी खात्रीच झाली. नेलं मात्र लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. दांडीची झिजलेली भोकं मोठी करून त्यांत पितळेच्या बुश, म्हणजे छोट्या नळ्या, ठोकल्या, नवी दांडी घातली. फार दुखलं, पण चोरटी हवा थांबली.

दुपारी पाटील आले आणि बॉनेटखाली वाकून मला बघू लागले. ठिपका नाही!

"ह्यो आमचा न्हाईच. तुमी बदललाय."

लालासाहेबांचा चेहरा उतरला. मी तोच होतो, मित्रांनो, पण सांगू कसा?

काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या हातात द्यायचा, ही लालासाहेबांची फौजेतली सवय. त्यांनी एक पुरचुंडी पुढे केली.

"दांडी नवी हाय, पाटील. जुनी ही घ्या."

जुन्या दांडीच्या टोकावर लाल ठिपका तसाच होता. पाटलांची मान खाली गेली.

"चुकलं माझं. आदी इचारायला पायजे हुतं."

त्या दिवशी गाडी कुठेही अडली नाही. अंगणात ऊन असतानाच पाटील घरी पोचले. गुणमालाबाईंनी डोळे बारीक केले.

"आज एवढ्या लवकर? काय लपवताय?"

पाटलांनी ती दांडी ताटाशेजारी ठेवली.

"तुझा संशय आन माझा, दोनी हितंच हायत बग."

त्यांनी सगळी हकिकत सांगितली. बाईंनी ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि उन्हाकडे बघत म्हणाल्या, "जेवा. अजून येळ हाय."

मित्रांनो, आमची काजळी वरचेवर पुसा, झीज वेळेवर बघा. आणि कुणाच्या नकळत खूण करायला हात उचललात, तर आधी त्या माणसाशी दोन शब्द बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.