सहा बोटांचा चोर

गोकुळाबाईला चित्रांच्या पुस्तकातून मिळवायचं होतं ते धानाची रोपं रोवणाऱ्या बायांचं मन, आणि सिंदेवाहीच्या बाजूला रोवण्याच्या दिवसांत याहून महाग वस्तू नाही. बाया रमतील त्याचंच धान आधी लागतं. शेजारचा घनश्याम बायांना गुळाचा चहा पाजायचा. गोकुळाबाईचा नवरा बापूजी चहा मागितला की तलावाकडे बोट दाखवायचा. तेव्हा तिच्यापाशी माल एवढाच: चौथीपर्यंतची शाळा आणि तिच्या भावानं चांद्याहून आणलेला 'गुन्हेगार चित्रमाले'चा पहिला अंक.

अंक जबर होता. नागपूरच्या सावकाराची तिजोरी कुलूप न तुटता रिकामी होते आणि शेवटच्या चित्रात खिडकीच्या गजावर एक हात दिसतो, सहा बोटांचा. गोकुळाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून वाचायची, चित्र बायांकडे धरायची. बाया वाकल्या वाकल्या मान वर करून बघायच्या, हात मात्र चिखलात चालूच. घनश्यामचा चहा निवत राहिला.

आता शेवटच्या दोन बांध्या, धानाची दोन खाचरं, उरल्या होत्या. तलावाचं पाणी उद्या घनश्यामकडे वळणार होतं, आणि रोवायचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, पिवळे पडू लागले होते. जे व्हायचं ते आजच. आणि सकाळच्याच मोटारीनं दुसरा अंक आला. गोकुळाबाईनं तो आधी चाळूनही पाहिला नाही. बांधीवर नेला आणि सगळ्यांसमोर उघडला.

दुसऱ्याच पानावर चोर आपल्या पायानं चौकीत आला, रडला आणि गोष्ट संपली. पुढची सगळी पानं इन्स्पेक्टर लवकर उठण्याचे फायदे सांगत होता. शाई अशी फासली होती की यातला चोर कोण न्‌ इन्स्पेक्टर कोण, मिशीवरूनही कळेना. शेवटी दंतमंजनाची जाहिरात.

"आनि सहावं बोट?" सोमारीनं विचारलं. ही बायांची पुढारीण. ती उठली की सगळ्या उठत.

"त्याचं काही लिवलं नाई."

"काऊन नाई? त्या बोटासाठी आमी कंबर मोडून राह्यलो न्‌ हा रडून मोकळा? चाला वो, घनश्यामभाऊकडे. तिथी चोर नसंल, चहा तं आहे!"

दोघींनी पाटात पाय धुवायलाही घेतले. गोकुळाबाईनं पुस्तक उभं धरलं, आत काय आहे ते कोणाला दिसू नये असं.

"थांबा वो! हा चोर खोटा. खऱ्यानंच पाठवलेला. खरा तं आपल्या झाडीत लपून आहे."

धुतलेले पाय पुन्हा चिखलात गेले.

"दिसाले कसा आहे?"

घाईत खोटं रचायचं तर माणूस घरातलाच माल वापरतो. "उंच आहे," गोकुळाबाई म्हणाली. "किल्ली करदोट्याले बांधते. कुठी येयाच्या आधी खाकरते. झोपेत आकडे मोजते."

"नाव काय त्याचं?"

कोणतंही नाव चाललं असतं. पण तोवर तिलाही दिसलं होतं की आपण कोणाला उभं केलंय. तिचे कान तापले, पदर तोंडावर गेला. "नाव... मले नाई सांगता येत."

जगातल्या कोणत्याही पुरुषाचं नाव बाई घेऊ शकते, एक सोडून.

"अगे माय!" सोमारी ओरडली. "बाई नाव घेत नाई! समजलं वो, चोर कोन ते!"

असं हसू फुटलं की घनश्यामच्या बांधीतल्या बायाही काम टाकून धुऱ्यावर आल्या.

"पन चोरलं काय त्यानं?"

"आमची दुपार! पाठ टेकली नाई तं म्हनते, उठा, ऊन कललं!"

खटला सुरू झाला. एकीनं साक्ष द्यायची, दुसरीनं ती वाढवायची, आणि ऐकायला जवळ राहायचं तर हातही बरोबरीनं चालवायचे. एक बांधी भरली. दुसरी अर्धी झाली, तेवढ्यात कोणीतरी खाकरलं.

बापूजी आला होता. बांधी त्याच्यावर तुटून पडली. रोवणा उरकला की मालकाला चिखल लावायचा रिवाज आहेच. त्या दिवशी तो थोडा आधी पाळला गेला.

"अवो, बोटं मोजा त्याची!"

"चिखलात कशी मोजता? सहाच असतीन!"

"मी केलं तरी काय?" बापूजी चिखल थुंकत म्हणाला.

"दुपार चोरली. दंड म्हनून तुमचा लाल कोंबडा द्या."

"तो झुंजीचा आहे!"

"मंग आमच्या चुलीवरच्या गंजात झुंजंल."

"आनि उरलेली अर्धी बांधी?"

"कोंबडा आज शिजला," सोमारी म्हणाली, "तं बांधी आज. नाई तं पाय धुवून चाललो आमी."

बापूजी हिशेबी माणूस. त्यानं पाटाकडे पाहिलं, पिवळ्या पऱ्ह्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती लवकर उठण्याचे फायदे मन लावून वाचत होती. त्यानं मान डोलावली. दिवस मावळायच्या आत शेवटचा पऱ्हा लागला.

हिशेब असा. छापणाऱ्यानं पुऱ्या अंकाचे पैसे घेतले आणि अर्धीच गोष्ट दिली. उरलेली गोकुळाबाईनं पदरची घातली आणि तिच्या बांध्या हिरव्या झाल्या. बायांना ठरलेली मजुरी मिळाली, वर रस्सा. बापूजीला आपल्याच दंडाच्या कोंबड्याची मान मिळाली आणि ती त्यानं चोखून चोखून खाल्ली. खरी भरपाई केली ती कोंबड्यानं, ज्यानं दोन्ही अंकांपैकी एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं.